नेपाळ: रस्ते झाले, विमानतळ झाले, मग निर्यात आणि पर्यटन का अडखळतात?

अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी नेपाळवर प्रबंध लिहिणाऱ्या एका विद्यार्थिनीने प्रश्न विचारला आहे. समुद्रकिनारा नसलेल्या या देशात गेल्या सत्तर वर्षांत परदेशी मदतीतून रस्ते झाले, कोरडे बंदर (समुद्रापासून दूर, कंटेनर उतरवून कस्टम्स तपासणी करण्याचे ठिकाण) झाले, दोन नवे आंतरराष्ट्रीय विमानतळ झाले. तरीही निर्यात आयातीच्या एक दशांशाच्या आसपासच का राहते, आणि पर्यटकांची संख्या २०१९ च्या आकड्यापाशीच का घुटमळते? वाहतुकीची सोय झाली की व्यापार आणि पर्यटन पाठोपाठ येतात, असे पाठ्यपुस्तकात लिहिलेले असते. ते इथे का खरे ठरत नाही, उत्तरेकडचा चीनचा मार्ग पर्याय ठरू शकेल का, आणि हातात पैसा मर्यादित असेल तर तो आधी कुठे घालावा, असे त्यांना विचारायचे आहे.

कोलकाता बंदरात उतरून नेपाळला जाणाऱ्या मालाचे क्लिअरिंग-फॉरवर्डिंगचे, म्हणजे तो कस्टम्समधून सोडवून पुढे रवाना करण्याचे, काम मी अनेक वर्षे करत आलो आहे. त्यामुळे माझे उत्तर मालाच्या बाजूने सुरू होईल, पण ते पर्यटनापर्यंत जाईल, कारण नेपाळमध्ये या दोन गोष्टी एकाच रस्त्यावरून चालतात. थोडक्यात सांगायचे तर नेपाळचा खरा अडसर अंतर हा नाही. माल नक्की कोणत्या दिवशी पोहोचेल हे सांगता न येणे आणि माल उतरवून परत निघालेली गाडी रिकामी असणे, या दोन गोष्टींनी तिथला व्यापार महाग होतो. रस्ता बांधल्याने किलोमीटर आणि तास कमी होतात. पण पोहोचण्याची खात्री त्याने आपोआप मिळत नाही, आणि परतीचा माल तर रस्ता निर्माण करूच शकत नाही.

एका कंटेनरचा प्रवास पाहिला तर हे नीट कळेल. समजा, काठमांडूच्या एखाद्या व्यापाऱ्याने चीनमधून यंत्रांचे सुटे भाग मागवले. कोलकात्याचे गोदी क्षेत्र हुगळी नदीत, समुद्रापासून सुमारे दोनशे किलोमीटर आत आहे; नदीत पाण्याची खोली कमी, त्यातही भरती-ओहोटी सांभाळून लॉकगेटमधून, म्हणजे गोदीतले पाणी धरून ठेवणाऱ्या दारातून, जहाज आत घ्यावे लागते. त्यामुळे मोठी जहाजे इथे येत नाहीत. कंटेनर सिंगापूर किंवा कोलंबोला उतरतो आणि लहान फीडर जहाजातून कोलकात्याला येतो. तिथून रेल्वेने रक्सौलमार्गे वीरगंजच्या सिर्सिया येथील कोरड्या बंदरात जायला सुमारे सातशे किलोमीटर. रेकला, म्हणजे अख्ख्या मालगाडीला, प्रत्यक्ष धावायला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो रेक भरेपर्यंत वाट पाहण्यात, शिपिंग लाइनकडून डिलिव्हरी ऑर्डर (माल सोडण्याचे पत्र) मिळवण्यात, आणि कागदावर एखादे अक्षर जरी वेगळे पडले तरी ते दुरुस्त करून आणण्यात. या काळात दोन मीटर एकाच वेळी पळत असतात: बंदराच्या जागेचे भाडे म्हणजे डेमरेज आणि शिपिंग लाइनच्या कंटेनरचे भाडे म्हणजे डिटेन्शन. डिटेन्शनचा मीटर कंटेनर वीरगंजला पोहोचल्यावर थांबत नाही. रिकामा कंटेनर लाइनच्या ताब्यात परत गेल्यावरच थांबतो. म्हणजे काठमांडूच्या व्यापाऱ्याला माल मिळून कित्येक दिवस झाले असले तरी रिकाम्या डब्याचा हिशेब त्याच्या नावावर चालूच असतो.

या साखळीत गेल्या काही वर्षांत खरी सुधारणा झाली, आणि तिच्यात सिमेंटचा वाटा फार थोडा होता. पूर्वी प्रत्येक खेपेला कोलकात्यातच कस्टम्सकडे ट्रान्झिटचे, म्हणजे भारतातून माल पुढे नेण्याचे, जाहीरपत्र भरून, पेटीचे सील तपासून, विम्याची किंवा हमीची कागदपत्रे जोडून मगच माल पुढे निघत असे. आता ट्रान्सशिपमेंटच्या पद्धतीत कंटेनरला इलेक्ट्रॉनिक सील लागते, त्याचा ठावठिकाणा उपग्रहामार्फत दिसत राहतो, आणि वीरगंजपर्यंतची जबाबदारी शिपिंग लाइन घेते. २०१६ मध्ये विशाखापट्टणमचे बंदर नेपाळच्या मालासाठी खुले झाले. वीरगंजपासून ते कोलकात्याच्या जवळपास दुप्पट लांब आहे, तरी अनेक आयातदारांनी ते पसंत केले. कारण तिथे पाणी खोल आहे, मोठे जहाज थेट लागते, आणि माल कधी निघेल याचा अंदाज बांधता येतो. दूरचे बंदर जवळच्यापेक्षा परवडते, ही गोष्ट प्रबंधात जरूर घ्यावी. मग २०२१ मध्ये भारत-नेपाळ रेल्वे सेवा कराराला जोडलेल्या पत्राने खाजगी कंटेनर रेल्वेगाड्यांनाही या मार्गावर परवानगी मिळाली, आणि एकाच सरकारी कंपनीवर अवलंबून राहणे संपले. या तिन्ही गोष्टी कागदावरच्या आहेत, पण एखादा नवा महामार्ग झाल्याने जितका फरक पडला असता त्यापेक्षा जास्त फरक त्यांनी पाडला, असे माझे मत आहे.

कागद जितक्या सहज वाट मोकळी करतो तितक्याच सहज ती बंदही करतो, हेही नेपाळने सोसले आहे. व्यापार आणि ट्रान्झिटचे करार मार्च १९८९ मध्ये संपले आणि नव्या करारावर एकमत झाले नाही, तेव्हा भारताने दोन ठाणी सोडून बाकीची सगळी बंद केली. पुढे सप्टेंबर २०१५ मध्ये नेपाळची नवी राज्यघटना लागू झाल्यानंतर सीमेवरची वाहतूक फेब्रुवारी २०१६ पर्यंत खोळंबली. एप्रिलच्या भूकंपातून देश सावरत असताना स्वयंपाकाचा गॅस, पेट्रोल आणि औषधे यांची टंचाई झाली. त्या महिन्यांत काठमांडूतील लोक लाकडे पेटवून स्वयंपाक करत होते. या अनुभवानंतर तिथल्या व्यापाऱ्याने जी सवय लावून घेतली तिचा खर्च कोणत्याही वाहतूक अहवालात दिसत नाही: तो गरजेपेक्षा अधिक माल साठवून ठेवतो, त्यासाठी अधिक भांडवल अडकवतो आणि त्या भांडवलाचे व्याज गिऱ्हाइकाकडून घेतो. मोतिहारी ते अमलेखगंज ही ६९ किलोमीटरची पेट्रोलियम वाहिनी सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाली, तेव्हा टँकरचा खर्च वाचला हा फायदा सर्वांनी सांगितला. माझ्या मते तिचा मोठा फायदा इंधन कधी पोहोचेल याची खात्री हा आहे.

आता वीरगंजहून पुढे. काठमांडूला पहिला मोटाररस्ता म्हणजे त्रिभुवन राजपथ भारतीय लष्कराच्या अभियंत्यांनी १९५६ पर्यंत पूर्ण केला. त्यापूर्वी खोऱ्यात ज्या थोड्या मोटारी होत्या त्या भीमफेदीपासून हमालांनी खांद्यावरून डोंगर ओलांडून नेलेल्या होत्या. १९६४ मध्ये अमेरिकी मदतीने हेटौडा ते काठमांडू अशी ४२ किलोमीटरची मालवाहू रोपवेही सुरू झाली, जी तासाला वीस टनांहून अधिक माल दरीवरून उचलून नेत असे. ती २००१ च्या सुमारास बंद पडली. हा निर्णय मला आजही खटकतो. कारण पावसाळ्यात डोंगर कोसळला तरी चालू राहील असे मालवाहतुकीचे साधन नेपाळकडे तेवढेच होते आणि ते विजेवर चालत होते, आयात केलेल्या डिझेलवर नव्हे.

राजपथ सिमभन्ज्याङ खिंडीपाशी जवळजवळ अडीच हजार मीटर उंचीवर चढतो, त्यामुळे अवजड ट्रक तो टाळतात आणि वीरगंजहून हेटौडा, नारायणघाट, मुग्लिन, नौबिसे असा लांबचा वळसा घेऊन काठमांडूत शिरतात. यातला नारायणघाट ते मुग्लिन हा ३६ किलोमीटरचा पट्टा त्रिशूली नदीच्या कडेने जातो. नेपाळच्या अर्थव्यवस्थेचा गळा म्हणून एक जागा दाखवायची झाली तर मी हीच दाखवेन. एका बाजूला डोंगर सुटलेला, दुसऱ्या बाजूला खाली नदी. जून ते सप्टेंबर या काळात दरड पडली की ट्रक रांगेत उभे राहतात. चालक गाडीखालीच स्टोव्ह पेटवतात, नाशवंत मालाचे मालक फोनवर फोन करतात, आणि काठमांडूच्या कालीमाटी बाजारात भाजीचा भाव त्याच दिवशी वर जातो. १२ जुलै २०२४ च्या पहाटे याच पट्ट्यात सिमलताल येथे दरडीने दोन प्रवासी बस नदीत ढकलल्या. त्यांत साठहून अधिक लोक होते. त्यानंतर अवघ्या सहा आठवड्यांत, २३ ऑगस्टला, पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली यात्रेकरूंची बस तनहुँ जिल्ह्यात आंबुखैरेनीजवळ मर्स्याङदी नदीत कोसळून २७ जणांचा मृत्यू झाला, आणि त्यांतले बहुतेक जळगाव जिल्ह्यातले होते. महाराष्ट्रातून गोरखपूर, सुनौली, लुंबिनी, पोखरा, काठमांडू असे जाणारे यात्रेकरू आणि कोलकात्याहून गेलेला कंटेनर मुग्लिननंतर एकाच दोनपदरी रस्त्यावर असतात, हे मला या उत्तरात ठासून सांगायचे आहे. डोंगराचा उतार बांधून घेणे, पाण्याचे निचरे मोकळे ठेवणे, दरड पडताच ती उचलणारी यंत्रे आधीच जागेवर उभी करणे ही कामे उद्घाटनाची नसतात, म्हणून ती मागे पडतात. जपानी मदतीने बांधलेला, बनेपा ते बर्दिबास हा बी. पी. महामार्ग २०१५ मध्ये पूर्ण झाला आणि सप्टेंबर २०२४ च्या पुरात रोशी नदीच्या काठचे त्याचे मोठे तुकडे वाहून गेले. उत्तम बांधलेल्या रस्त्याचीही ही अवस्था होते, तेव्हा देखभालीचा पैसा हा ऐच्छिक खर्च मानता येत नाही.

काठमांडू-तराई द्रुतमार्ग हा सुमारे सत्तर किलोमीटरचा प्रकल्प २०१७ पासून नेपाळी लष्कर बांधत आहे आणि त्याची मुदत वारंवार पुढे गेली आहे. नागढुंगा येथील जपानी साहाय्याचा अडीच किलोमीटरहून लांब बोगदा २०२४ मध्ये आरपार खोदून झाला. ही दोन्ही कामे हवीतच. पण ती पूर्ण झाल्यावर पहिला लाभ आयातीला मिळेल, याची कल्पना धोरणकर्त्यांनी आधीच ठेवलेली बरी.

याचे कारण साधे आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षात नेपाळची आयात सुमारे १,५९३ अब्ज नेपाळी रुपयांची होती आणि निर्यात सुमारे १५२ अब्जांची. वीरगंजला भरून आलेल्या दहा गाड्यांपैकी एखाद-दुसरी परतीला भरते, बाकीच्या रिकाम्या जातात. परतीच्या फेऱ्याचे भाडे शेवटी येतानाच्या मालावरच चढते. मग निर्यातदाराला तरी परतीचा कंटेनर स्वस्त मिळायला हवा. काही प्रमाणात मिळतोही. परंतु त्याचा माल थोडा, विखुरलेला आणि नाजूक असतो: इलामचा चहा, मोठी वेलची, आले, पश्मिना, गालिचे. पूर्व नेपाळातले आले सीमेवर वनस्पती-संगरोधाच्या (कीड-रोग देशात येऊ नयेत म्हणून होणाऱ्या) तपासणीसाठी थांबले, नमुना प्रयोगशाळेत गेला आणि अहवाल यायला काही दिवस लागले, तर पोत्यातल्या आल्याचे वजन आणि भाव दोन्ही उतरतात. वेलची टिकते, चहा काही काळ टिकतो, आले टिकत नाही. तिथे रस्त्याची रुंदी वाढवून काहीच साधत नाही. सीमेवर मान्यताप्राप्त प्रयोगशाळा आणि दोन्ही देशांनी एकमेकांचे अहवाल स्वीकारणे, हे हवे.

मग एवढी आयात परवडते कशी? परदेशात काम करणाऱ्या नेपाळी माणसांनी पाठवलेल्या पैशांतून. आखाती देश, मलेशिया, भारत, कोरिया, जपान येथून येणारा हा पैसा देशाच्या एकूण उत्पन्नाच्या जवळपास एक चतुर्थांश आहे. तो घरात आला की त्यातून तांदूळ, मोबाइल, मोटारसायकल, पत्रे, सिमेंटचा कच्चा माल घेतला जातो. ते सीमेवरून येते, आणि सरकारच्या कर उत्पन्नाचा फार मोठा वाटा तिथेच, भन्सारच्या म्हणजे सीमाशुल्काच्या नाक्यावर गोळा होतो. म्हणजे सरकारची तिजोरी आयातीवर चालते. एप्रिल २०२२ मध्ये परकीय चलन आटू लागले म्हणून चैनीच्या काही वस्तूंच्या आयातीवर बंदी घातली, तेव्हा चलन वाचले पण महसूलही घसरला, आणि वर्षअखेरीस बंदी उठवावी लागली. शिवाय नेपाळी रुपया १९९३ पासून १०० भारतीय रुपयांस १६० या दराने बांधलेला आहे. या स्थैर्याचे फायदे मोठे आहेत, पण निर्यात महाग पडते म्हणून चलन सैल करण्याची वाट नेपाळला त्यामुळे उपलब्ध नाही. तुमच्या प्रबंधात वाहतुकीचा अभ्यास करताना ही चौकट बाजूला ठेवू नका. अन्यथा जो दोष रस्त्याचा नाही तोही रस्त्याच्या माथी येईल.

निर्यातीच्या आकड्यांबाबत एक सावधगिरी इथेच सांगतो. २०२४-२५ मध्ये नेपाळची निर्यात एकदम वाढून सुमारे २७७ अब्ज नेपाळी रुपयांवर गेली. वाढ पाहून आनंद होतो, पण त्यातले शंभर अब्जांहून अधिक एकट्या सोयाबीन तेलाचे होते. नेपाळमध्ये निर्यातीजोगे सोयाबीन पिकत नाही. कच्चे तेल दक्षिण अमेरिका वगैरे भागांतून जहाजाने कोलकात्याला येते, तिथून नेपाळच्या कारखान्यात जाते, शुद्ध होते आणि शुल्कमुक्त प्रवेशाच्या सवलतीने भारतात परत येते. भारताने सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलावरचे आयात शुल्क वाढवल्यावर हा धंदा फुगला, आणि मे २०२५ अखेरीस कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आल्यावर त्यातला फरक कमी झाला. या व्यापाराने ट्रकचालकाला आणि शुद्धीकरण कारखान्यातल्या कामगाराला काम मिळते, ते मी कमी लेखत नाही. मात्र दिल्लीतल्या एका अधिसूचनेने जो धंदा वाढतो आणि दुसऱ्या अधिसूचनेने ओसरतो, त्याला वाहतूक सुधारल्याचा परिणाम म्हणता येणार नाही.

पर्यटनाचा विचार याच पार्श्वभूमीवर करायला हवा. समुद्र नसलेल्या देशासाठी पर्यटन ही अशी निर्यात आहे की जिचा ग्राहक स्वतः दारात येतो. त्याला कंटेनर लागत नाही, कोलकात्याचा कागद लागत नाही, परतीचा फेरा रिकामा जात नाही. नेपाळला येणारा परदेशी पाहुणा सरासरी तेरा दिवसांच्या आसपास राहतो, ही गोष्ट कुठल्याही देशाला हेवा वाटावा अशी आहे. आणि त्याचा पैसा सोलुखुंबू, मुस्ताङ, मनाङ अशा ठिकाणी पोहोचतो, जिथे कारखाना कधीच उभा राहणार नाही. २०१९ मध्ये ११ लाख ९७ हजार पर्यटक आले होते. महामारीत हा आकडा २०२१ मध्ये दीड लाखावर आला, २०२३ मध्ये पुन्हा दहा लाखांवर गेला आणि २०२४ मध्ये ११ लाख ४७ हजारांच्या आसपास पोहोचला. यात तीन लाखांहून अधिक भारतीय आहेत, पण खुल्या सीमेवरून रस्त्याने येणारे भारतीय या गणतीत धरलेच जात नाहीत. सुनौलीमार्गे बसने आलेला मराठी यात्रेकरू पशुपतीला जातो, मुक्तिनाथला जातो, धर्मशाळेत आणि हॉटेलात पैसे खर्च करतो, आणि आकडेवारीत कुठेच नसतो. त्याची गणना होत नाही म्हणून त्याच्या रस्त्याची, स्वच्छतागृहांची आणि त्याला घेऊन जाणाऱ्या बसच्या सुरक्षेची चिंताही पर्यटन विभागाला पुरेशी वाटत नाही, असे मला वाटते.

उर्वरित पाहुणे विमानाने येतात, आणि इथे नेपाळची अडचण पुन्हा कागदाचीच आहे. काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळाला एकच धावपट्टी आहे. विस्ताराच्या कामासाठी तो नोव्हेंबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात रोज रात्री दहा तास बंद ठेवावा लागला. ताण कमी करण्यासाठी लुंबिनीजवळच्या भैरहवाला गौतम बुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ मे २०२२ मध्ये आणि पोखऱ्याचा नवा विमानतळ १ जानेवारी २०२३ रोजी सुरू झाला. पोखऱ्यासाठी चीनच्या एक्झिम बँकेचे कर्ज आहे; बांधकामाचा करार सुमारे २१.६ कोटी डॉलरचा होता. दोन्ही ठिकाणी इमारती उत्तम आहेत, आणि दोन्ही ठिकाणी नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे मोजकीच. याचे एक कारण असे की भारताच्या हवाई हद्दीतून नेपाळात शिरण्याचा मुख्य मार्ग वीरगंजजवळच्या सिमराच्या बाजूने आहे. भैरहवाला उतरायचे विमान आधी पूर्वेकडे जाते आणि मग पश्चिमेकडे वळते, त्यात इंधन जळते. पश्चिमेकडून प्रवेश मिळावा ही नेपाळची मागणी जुनी आहे. भारताची संरक्षणविषयक बाजू मी समजू शकतो, तरी लुंबिनीला येणारा बौद्ध यात्रेकरू हा भारतातील बोधगया आणि कुशीनगरचाही पाहुणा असतो, त्यामुळे या मागणीवर तोडगा निघणे दोन्ही देशांच्या हिताचे आहे.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे आणि ते नेपाळच्या स्वतःच्या हातात आहे. युरोपीय संघाने डिसेंबर २०१३ मध्ये नेपाळच्या सर्व विमान कंपन्यांना आपल्या हवाई हद्दीत बंदी घातली. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने आपला सुरक्षेविषयीचा गंभीर आक्षेप २०१७ मध्ये मागे घेतला, तरी युरोपची बंदी उठली नाही. नेपाळचे नागरी उड्डाण प्राधिकरण विमानतळ चालवते आणि विमानतळांवर व कंपन्यांवर नियामक म्हणून देखरेखही करते. ही दोन कामे वेगळ्या संस्थांकडे द्या, हा आग्रह वर्षानुवर्षे आहे. त्यासाठीची विधेयके संसदेत आली आणि रखडली. दरम्यान मे २०२२ मध्ये मुस्ताङमध्ये तारा एअरचे विमान कोसळून २२ जण गेले, आणि त्यांत महाराष्ट्रातलेही प्रवासी होते. १५ जानेवारी २०२३ रोजी, पोखऱ्याचा नवा विमानतळ सुरू होऊन पंधरा दिवस होतात तोच, यती एअरलाइन्सचे विमान तिथे उतरताना पडले आणि ७२ जणांचा मृत्यू झाला. युरोपातील प्रवास कंपन्यांना आपल्या ग्राहकाला नेपाळच्या देशांतर्गत विमानात बसवताना विमा आणि जबाबदारीचा प्रश्न पडतो, आणि लुक्ला किंवा जोमसोमला जायचे तर दुसरे विमान नाही. प्राधिकरणाचे विभाजन करण्याला कर्ज लागत नाही. आणखी एका नव्या विमानतळाची चर्चा होते आणि हे होत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

लुक्लाचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. २,८४५ मीटर उंचीवरची ही धावपट्टी जेमतेम सव्वापाचशे मीटर लांब आणि उतरती आहे. एव्हरेस्टकडे जाणारा बहुसंख्य गिर्यारोहक इथे उतरतो. वसंत आणि शरद या दोन्ही हंगामांत काठमांडूच्या एकुलत्या धावपट्टीवर गर्दी होते, म्हणून लुक्लाची उड्डाणे रामेछापच्या मन्थली येथे हलवतात. पाहुण्याला मध्यरात्रीनंतर काठमांडूतून जीपने निघून चार-पाच तास घाट उतरावा लागतो, तेव्हा पहाटेचे विमान मिळते. लुक्लावर ढग आले तर ते विमानही उडत नाही आणि पाहुणा मन्थलीतच अडकतो. वाटेचा काही भाग बी. पी. महामार्गाचा, म्हणजे पुराने फोडलेला तोच रस्ता. एका राजधानीतल्या धावपट्टीची कोंडी शंभराहून अधिक किलोमीटर दूरच्या डोंगरी गावात नि पाहुण्याच्या मोडलेल्या वेळापत्रकात कशी उतरते, हे इथे दिसते. एव्हरेस्टच्या वसंतातल्या परवान्याचे शुल्क सप्टेंबर २०२५ पासून ११,००० वरून १५,००० डॉलर झाले. शुल्क वाढवण्याला माझा विरोध नाही, पण वाढीव पैशांतला भाग मन्थलीच्या वाटेवर आणि हवामान केंद्रांवर दिसला पाहिजे.

रस्ता आणि पर्यटन नेहमी मित्र असतात असेही नाही. अन्नपूर्णा परिसराची पदभ्रमंतीची वाट जगभर प्रसिद्ध होती. बेसीसहरहून मनाङपर्यंत आणि बेनीहून जोमसोम-मुक्तिनाथपर्यंत जीपचा रस्ता गेल्यावर तीन आठवड्यांची वाट निम्म्यावर आली. वाटेवरच्या ज्या गावांत पाहुणा रात्री मुक्काम करत असे, तिथून तो आता धूळ उडवत पुढे जातो. लॉजवाल्यांचे नुकसान झाले. पण त्याच रस्त्याने मुस्ताङची सफरचंदे सडण्याआधी पोखऱ्याच्या बाजारात पोहोचू लागली, बाळंतिणीला दवाखान्यात नेता येऊ लागले आणि मुक्तिनाथला भारतीय व नेपाळी यात्रेकरूंची रीघ लागली. गावकऱ्यांना विचारले तर रस्ता नको असे म्हणणारे थोडेच भेटतात. चुकले ते आखणीत: वाहनांचा रस्ता नदीच्या एका काठाने आणि पायवाट दुसऱ्या काठाने अशी विभागणी सुरुवातीलाच झाली असती, तर दोन्ही टिकले असते. पुढे काही टप्प्यांवर अशा वेगळ्या वाटा आखल्या गेल्या, त्यांचा अनुभव चांगला आहे.

उत्तरेकडचा चीनचा मार्ग हा पर्याय ठरू शकेल का, असेही तुम्ही विचारले आहे. २०१६ च्या कराराने आणि २०१९ च्या नियमावलीने नेपाळला चीनच्या चार सागरी बंदरांचा वापर कागदावर खुला झाला. त्यांतले त्यान्जिन तीन हजार किलोमीटरहून दूर आहे. तातोपानीचे नाके २०१५ च्या भूकंपात बंद पडले ते २०१९ मध्ये उघडले, आणि रसुवागढी नाक्यावरचा मैत्री पूल ८ जुलै २०२५ च्या पुरात वाहून गेला. चीनमध्येच तयार होणाऱ्या मालासाठी, विशेषतः इलेक्ट्रिक मोटारींसाठी आणि दसरा आणि तिहार म्हणजे दिवाळीच्या कपड्यांसाठी, ही वाट उपयोगी आहे. तिसऱ्या देशाच्या मालासाठी ती नजीकच्या काळात कोलकाता-विशाखापट्टणमची जागा घेणार नाही.

विजेचा मात्र वेगळा उल्लेख हवा, कारण पर्यटनाप्रमाणे तिलाही ट्रक लागत नाही. २०२१ पासून नेपाळ भारताच्या वीज बाजारात पावसाळ्यातली जास्तीची वीज विकू लागला, २०२३-२४ मध्ये त्यातून सुमारे १७ अब्ज नेपाळी रुपये मिळाले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये भारताच्या तारांवरून बांगलादेशला ४० मेगावॉट वीज गेली. हीच वीज काठमांडू-पोखरा मार्गावरच्या इलेक्ट्रिक मायक्रोबसमध्येही जाते. आयात होणाऱ्या नव्या प्रवासी मोटारींत आता इलेक्ट्रिकचा वाटा निम्म्याहून बराच जास्त आहे. इंधनाच्या आयातीचा भार हलका करणारा इतका थेट उपाय नेपाळला यापूर्वी मिळाला नव्हता.

पैसा मर्यादित असेल तर कुठे घालावा, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. पहिला पैसा नारायणघाट-मुग्लिन आणि मुग्लिन-काठमांडू या पट्ट्यांच्या उतारांवर आणि बारमाही देखभालीवर जावा. कंटेनर, भाजी आणि यात्रेकरू हे तिघेही तिथेच अडकतात. दुसरा काकडभिट्टा, विराटनगर आणि वीरगंज येथील प्रयोगशाळा व शीतगृहांवर. नागरी उड्डाण प्राधिकरणाचे विभाजन आणि पश्चिमेकडचा हवाई प्रवेश यांना पैसा नको, राजकीय निश्चय हवा, म्हणून ते यादीत सर्वांच्या आधी. नवा विमानतळ आणि काठमांडूपर्यंतची रेल्वे या गोष्टी मी सध्या मागे ठेवेन. हे सर्व तातडीने करण्याला एक तारीखही आहे: २४ नोव्हेंबर २०२६ रोजी नेपाळ अल्पविकसित देशांच्या गटातून बाहेर पडणार असे ठरले आहे, आणि त्यानंतर गालिचे, पश्मिना व तयार कपडे यांना श्रीमंत देशांत मिळणारी शुल्कसवलत टप्प्याटप्प्याने कमी होत जाईल. प्रबंधासाठी आकडे गोळा करताना सरासरी प्रवासकाळ घेऊ नका. त्याच कंटेनरला जानेवारीत आणि जुलैत कोलकात्याहून काठमांडूला पोहोचायला किती दिवस लागले, यातला फरक घ्या. आयातदाराचा खर्च त्या फरकाशी जुळतो. वीरगंजच्या फॉरवर्डरांकडे अशा नोंदी असतात, आणि नीट विचारले तर ते त्या दाखवतात.